अस्वलाच्या आत माझी मुलगी होती

माझी मुलगी कॉलेजमध्ये अस्वल होती. हे मी आता उघड सांगू शकते. आधी सांगायची परवानगी नव्हती.

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल टीमचा एक प्राणी असतो, त्याला मॅस्कॉट म्हणतात. भलंमोठं डोकं, केसाळ अंग, हातापायांना पंजे. मॅचभर तो कोर्टाच्या कडेने नाचतो, लहान मुलांना मिठ्या मारतो, समोरच्या टीमची टिंगल करतो. आत कोण आहे हे गुपित ठेवायचं असतं. तसं मुलांकडून लिहून घेतात. आत असताना तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि काहीही झालं तरी लोकांसमोर डोकं उतरवायचं नाही.

तिने आम्हाला सांगितलं ते दुसऱ्या वर्षाच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, नोव्हाय गावातल्या आमच्या घरी, स्वयंपाकघरात. मी पोळ्या लाटत होते. आधी मला वाईटच वाटलं. बारावीपर्यंत हिचा अभ्यास घेतला, रोबोटिक्सच्या क्लासला सोडलं-आणलं, ते काय हिने केसाळ कपडे घालून कोलांट्या मारायला? मी तसं बोललेही. नवऱ्याने मात्र तिला म्हटलं, करून दाखव. मग ती फ्रिजपासून टेबलापर्यंत अस्वलासारखी चालली. खांदे टाकत, पोट खाजवत, एकही शब्द न बोलता. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात जी माझ्या ओढणीमागे लपायची, दोन ओळी म्हणायला स्टेजवर जायची नाही, ती ही मुलगी. त्या सुटात शिरलं की तिचा लाजाळूपणा जायचा. ते पाहिल्यावर मी गप्प बसले.

मंडळातल्या काकू विचारायच्या, लेक काय करते? मी सांगायचे, अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटमध्ये काहीतरी काम करते. खोटं नव्हतं ते.

तो शनिवार फेब्रुवारीतला होता. मॅच दुपारची. कॉलेज आमच्यापासून अडीच तासांवर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग. आम्ही पहिल्यांदाच तिला बघायला जात होतो. जागा मिळाली ती बास्केटच्या मागे, वरच्या बाजूला. आजूबाजूला कॉलेजची पोरं, तोंडं रंगवलेली, आणि पुष्कळ कुटुंबं, लहान लहान मुलांसकट.

अस्वलाचं एक नाटक त्या कॉलेजात फार लाडकं होतं. समोरच्या टीमने लांबून बास्केट केली की अस्वल छाती धरायचं, झोकांड्या खायचं आणि धाडकन आडवं व्हायचं. मग चिअरलीडर मुली धावत येऊन हातातल्या पॉमपॉमच्या गोंड्यांनी त्याला वारा घालायच्या. सगळं स्टेडियम मोठ्याने मोजायचं, वन, टू, थ्री. थ्रीला अस्वल उडी मारून उभं. पहिल्या हाफमध्ये तिने हे चार वेळा केलं. मी नवऱ्याला कोपराने ढोसून सांगत होते, बघ बघ, आपली आहे ती.

दुसऱ्या हाफमध्ये टाइमआउट झाला. खेळाडू बाकावर जाऊन बसले. अस्वल बास्केटच्या खांबाला धरून उभं होतं. मग ते खाली बसलं. मग एका कुशीवर कलंडलं. लोक हसायला लागले. कुणीतरी मोजायला सुरुवात केली, आणि सगळ्यांनी उचलून धरलं. मीही. माझ्या हातात फोन होता, मी व्हिडिओ काढत होते आणि मोठमोठ्याने आकडे मोजत होते.

थ्री झालं. अस्वल उठलं नाही. लोक आणखी हसले, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

चिअरलीडर मुली ठरल्याप्रमाणे धावत आल्या होत्या, वारा घालत होत्या. या मुलींचं हसू शिकवलेलं असतं. खांद्यावर दुसरी मुलगी उभी असली, मनगट मुरगळलं, तरी ते तोंडावरून हलू द्यायचं नाही. त्यांच्यातली एक उंच मुलगी होती, मानवी मनोऱ्यात सगळ्यांत खाली उभी राहणारी. ती वाकली आणि तिचं हसू गेलं. ते मला वरून दिसलं. तिने पॉमपॉम टाकले, अस्वलाचा पंजा धरून हलवला, आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडे वळून काहीतरी ओरडली. तो माणूस म्हणजे चिअरलीडर आणि मॅस्कॉट, दोघांचा सुपरवायझर. त्याने हाताने खूण केली, आत घेऊन जा. दोघी-तिघींनी ओढून पाहिलं. तो सूट आणि आतली मुलगी, फूटभरसुद्धा सरकेना. तेवढ्यात टाइमआउट संपल्याचा भोंगा वाजला आणि रेफरी त्यांना हातवारे करून हाकलायला लागला.

त्या मुलीने अस्वलाच्या हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि सगळ्यांसमोर ते डोकं काढलं.

माझ्या मुलीचं तोंड लालभडक होतं. केस कपाळाला चिकटून वाळलेले. डोळे अर्धवट उघडे, पण बघत कुठेच नव्हते. मी नागपूरची. ऊन लागलेला माणूस कसा दिसतो हे मला कुणी शिकवायला नको. बाहेर बर्फ पडत होता आणि माझ्या मुलीला ऊन लागलं होतं.

मी पायऱ्यांवरून कशी उतरले ते आठवत नाही. एवढं आठवतं की मागून एक बाई नाराज होऊन म्हणाली, लहान मुलांसमोर डोकं काढलं, सगळी मजा घालवली. आणि खाली सिक्युरिटीवाल्याने हात आडवा घातला. मॅम, तुमच्या सीटवर जा, म्हणाला. बावीस वर्षं या देशात काढली, मीटिंगा घेतल्या, भांडले, सगळं इंग्रजीत. त्या क्षणी मला इंग्रजी आलं नाही.

"ती माझी मुलगी आहे. हात काढ."

त्याला मराठीतला एकही शब्द कळला नसणार. त्याने हात काढला.

टीमचा ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखण्याखुपण्याकडे बघणारा माणूस, आमच्यापासून दहा पावलांवर होता. एका खेळाडूच्या बोटाला बर्फ लावत होता. दुसऱ्यांदा हाक मारल्यावर तो आला. आला तेव्हा मात्र त्याने नीट काम केलं, कात्रीने सूट कापला, तोच खेळाडूचा बर्फ घेऊन मानेला आणि काखेत लावला. मीही लावत होते. ती उंच मुलगी पाय धरून बसली होती आणि तिची लिपस्टिक हनुवटीपर्यंत पसरली होती. अँब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन निघाले, आम्ही त्यांच्यामागे. हॉलच्या दारापर्यंतही पोचलो नव्हतो. मागे शिट्टी वाजली आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

हॉस्पिटलमध्ये तिला सलाइन लावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोकं तिथेच काढलं ते बरं केलं. संध्याकाळपर्यंत ती बोलायला लागली. पहिलं वाक्य काय, तर, "आई, डिड द किड्स सी?"

मुलांनी पाहिलं का. मला तिचा इतका राग आला की मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले.

बाकीचं त्यानंतर दोन दिवसांत कळलं. अस्वल व्हायला दोन विद्यार्थी होते. वीस मिनिटं एकाने, वीस मिनिटं दुसऱ्याने, मध्ये थंड जागी बसून पाणी प्यायचं, असा नियम. त्या दिवशी दुसऱ्याला ताप होता. हिला सांगितलं, आजचा दिवस तू एकटी निभावून ने. अस्वलाच्या डोक्यात हवा खेळती राहायला एक छोटा पंखा बसवलेला असतो. तो जानेवारीपासून बंद होता. हिने दोनदा ईमेल केला होता. दुसऱ्या ईमेलला उत्तर आलं होतं, लक्षात आहे, थँक्स फॉर युअर स्पिरिट.

रविवारी सकाळी मी फोनवरचा तो व्हिडिओ पाहिला. अस्वल कलंडतं, आणि फोनच्या अगदी जवळून एका बाईचा आनंदी आवाज येतो, टू, थ्री. तो माझा. मी तो लगेच पुसून टाकला. नवरा नंतर म्हणाला, ठेवायला हवा होता, कॉलेजला दाखवता आला असता. त्याचं बरोबर होतं. पण माझ्याने तो ठेववला नसता.

मंगळवारी मुलीचा हॉस्टेलवरून फोन आला. त्या उंच मुलीला उरलेल्या सीझनसाठी चिअरलीडरच्या स्क्वॉडमधून काढलं होतं. कारण, प्रोटोकॉल मोडला. मुलगी हे अगदी सपाट आवाजात सांगत होती. ती उंच मुलगी रोज हिच्या खोलीवर सूप घेऊन येत होती आणि तिने स्वतः याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. हिला दुसरीकडून कळलं.

गुरुवारी मी सुट्टी टाकली आणि गाडी घेऊन निघाले. मुलीला सांगितलं नाही. अडीच तास मी मनातल्या मनात भांडत होते, कधी मराठीत, कधी इंग्रजीत.

भेटीची वेळ मी फोनवर घेतली होती. ऑफिसच्या खोलीत तो सुपरवायझर होता आणि अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटच्या एक बाई. त्यांनी मला एक कार्ड दिलं, लवकर बरी हो, त्यावर अस्वलाच्या पंजाचा ठसा. झालेल्या प्रकाराला ते दोघं 'इन्सिडेंट' म्हणत होते. बाई म्हणाल्या, आम्ही सगळे एक फॅमिली आहोत. मग म्हणाल्या, सीझनच्या शेवटच्या मॅचला तुम्हा तिघांना अगदी कोर्टाच्या कडेच्या सीट देतो.

मी पर्समधून मुलीच्या दोन ईमेलच्या छापील प्रती काढून टेबलावर ठेवल्या. सुपरवायझर म्हणाला, पंखा ऑर्डर केलेला आहे. मी विचारलं, तुमच्या खेळाडूचा बूट फाटला तर नवा यायला किती दिवस लागतात? मग तो समजावणीच्या सुरात म्हणाला, डोकं न काढण्याचा नियम छोट्या फॅन्ससाठी आहे, अस्वल त्यांना खरं वाटतं.

"त्या डोक्याच्या आत आणखी एक डोकं होतं," मी म्हटलं. "तेही खरं होतं. ते तुमच्यापैकी एकाच मुलीला दिसलं, आणि तिलाच तुम्ही काढलंत."

मी माझ्या मागण्या सांगितल्या. त्या मुलीला परत घ्या. पंखा चालू असल्याशिवाय अस्वल बाहेर येणार नाही. दोन माणसं नसली तर अस्वलच नाही. आणि शेजारी कायम एक माणूस, ज्याला हाताची एक ठरलेली खूण कळेल. बाई म्हणाल्या, आम्ही विचार करू. त्या उठल्या, सुपरवायझर उठला. मी उठले नाही. मला दिवसभर सुट्टी आहे, असं सांगून बसून राहिले. दोघं गेले. मधे कुणीतरी येऊन पाणी हवं का विचारून गेलं. दोन तासांनी बाई एकट्याच आल्या आणि म्हणाल्या, तिचं सस्पेन्शन मागे घेतलं आहे, बाकीचं आम्ही बघतो. बाकीचं व्हायला आणखी तीन आठवडे लागले. तसं कळवणाऱ्या पत्रात लिहिलं होतं, आमच्या पद्धतींचा आम्ही सतत आढावा घेत असतो. माफीचा शब्द त्यात नव्हता, तोंडीही कुणी बोललं नाही.

मला वाटलं, मुलीला बरं वाटेल. ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. मग फोनवर म्हणाली, मी वीस वर्षांची आहे, माझी भांडणं तू माझ्या पाठीमागे का करतेस? आणि वर सांगितलं की पुढच्या सीझनला ती परत अस्वल होणार आहे. मी तिला नाही नाही ते बोलले. मरायचं आहे का, इथपर्यंत. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आई, तू नक्की कुणावर चिडली आहेस?"

मी फोन ठेवला. त्या सुपरवायझरवर, हो. पंख्यावर, त्या नियमावर, मागे बसलेल्या त्या बाईवर. मुलीवरही. पण सगळ्यांत जास्त त्या व्हिडिओतल्या आवाजावर, आणि तो तर आता पुसलेला होता.

ती परत अस्वल झाली. तिसरं वर्ष पूर्ण केलं, चौथंही. त्या उंच मुलीला आम्ही एका रविवारी जेवायला बोलावलं. तिने साबुदाण्याची खिचडी दोनदा वाढून घेतली. मी तिला विचारलं, तू घाबरली नाहीस का? ती म्हणाली, खूप. सुपरवायझर डोकं काढू नको म्हणत होता, आणि पट्टा पटकन सुटेना. माझ्या मुलीने मान खाली घातली. माझ्याकडे आभाराचे शब्द तयार होते, ते मी बोलले, आणि ते पुरेसे नव्हते हे आम्हा तिघींनाही कळलं.

मी आणखी एकदाच मॅचला गेले, चौथ्या वर्षी. स्कोअर काय होता मला माहीत नाही. मी घड्याळ बघत होते, आणि अस्वलाच्या शेजारच्या त्या माणसाकडे. वीस मिनिटांनी अस्वल आत गेलं, आणि अस्वल होऊन दुसरा विद्यार्थी बाहेर आला. हाफटाइमला तो सुपरवायझर पायऱ्या चढून आमच्यापर्यंत आला. तो अजून त्याच नोकरीवर आहे. हसत हसत हात पुढे केला आणि विचारलं, एन्जॉय करताय ना?

मी नाही म्हटलं. त्याचा हात तसाच राहिला. नवऱ्याने तो हातात घेतला, मी घेतला नाही.