विहिरीतून वर येणारी बाई

ऐंशी सालच्या आसपास आम्ही लखनौला मानकनगरच्या रेल्वे कॉलनीत राहत होतो. तेव्हा माझ्या ताईला भुतांच्या सिनेमांच्या पोस्टरांचं वेड होतं. सिनेमे बघायची आम्हाला परवानगी नव्हती, पण आलमबागच्या भिंतीवर नवं पोस्टर दिसलं की ती सायकलवरून उतरायचीच.

"गालावर हिरवा रंग दिलाय बघ," ती मला म्हणायची, "तरी माणूस खरा वाटतो."

बारावीनंतर तिने स्वतः एक पोस्टर रंगवलं. विहिरीतून एक बाई वर येत होती आणि तिचे ओले केस काठावर पसरले होते. आम्ही दोघं ते घेऊन पोस्टर रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या पेंटरकडे गेलो. तो बराच वेळ बघत राहिला.

"बिटिया, हाथ तो है तुम्हारा. कल से आ जाओ."

घरी बाबा ओरडले नाहीत. "भिंती रंगवायला शिकवलं का तुला?" एवढंच म्हणाले आणि पोस्टर फाडून बंबात घातलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून चपला काढू लागलो. त्याच वर्षी तिचं अकोल्याला लग्न झालं.

नोकरी लागल्यावर मी तिच्यासाठी रंगांची पेटी घेऊन गेलो. तिने ती उघडलीसुद्धा नाही.

"आता काही दिसतच नाही रे डोळ्यांपुढे," ती म्हणाली. "भूतसुद्धा नाही."

मग ती पोळ्या लाटायला उठली. परतीच्या गाडीत मला रडूही आलं नाही.