मी म्हणाले, आफ्रिकेतलं आहे

१२ मे, सोमवार. वर्षाच्या तिखटासाठी आणलेल्या मिरच्यांचे देठ काढायचे होते. कामाला दोघी, मी आणि माझी मुलगी. एरवी अशा कामात तिचं तोंड हातापेक्षा जास्त चालतं. त्या दिवशी तासभर ती एक शब्द बोलली नाही. चूक माझी होती, म्हणून मला जास्तच चीड येत होती.

मुलगी तेवीस वर्षांची. दिवसा एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते आणि घरी येऊन पुन्हा कॉम्प्युटरवरच बसते, संगीत करायला. दक्षिण आफ्रिकेत डर्बन शहराच्या कडेच्या वस्त्यांमधून नाचाचं एक संगीत निघालं, ते तिला कॉलेजात असताना मोबाइलवर सापडलं होतं. त्याचं नाव घेताना जीभ टाळूवर आपटून टक् असा आवाज काढावा लागतो. तो आम्हाला जमला नाही. घरात आम्ही त्याला गोम म्हणायला लागलो.

"कानात शिरती ती का?" तिच्या पप्पांनी विचारलं होतं.

"तीच. एकदा शिरली की निघत न्हाई."

मी भाकरी थापताना ती मला त्याचा इतिहास सांगायची. तिथल्या पोरांनी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर हे सुरू केलं. रेडिओवाले सुरुवातीला विचारत नव्हते. मग फाइली या मोबाइलवरून त्या मोबाइलवर गेल्या, तिथून सीट भरून चालणाऱ्या वडापच्या टॅक्स्यांमध्ये. टॅक्सीवाले मोठ्याने लावायचे आणि बसलेले लोक विचारायचे, हे कोणाचं? पुष्कळदा सांगायला कोणी नसायचं. पुढे ते परदेशातल्या क्लबांमध्ये वाजायला लागलं. मी हूं हूं करायचे. भाकरी करपू नये इतकंच माझं लक्ष.

मग तिने स्वतःचं एक केलं. शहरातल्या मस्तगड भागात माझं बटणं, अस्तर आणि लेसचं दुकान आहे. त्या दुकानाचं शटर वर ढकलतानाचा खडखडाट तिने मोबाइलवर घेतला आणि तो ठोक्यांच्या मधोमध बसवला. मी ऐकलं. गाणं नाही, सूर नाही, आणि मधेच सगळं थांबतं. पण पाय हलतो, हे मला कबूल करावं लागलं.

एप्रिलमध्ये टेंभुर्णीला, माझ्या माहेरी, भाच्याचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या देवळात जाऊन येतो, त्याला परण्या म्हणतात. परण्यापुढे डीजेचा टेम्पो असतो. मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या गावचा डीजे हाय. तू म्हन्लं तर लावंल तो." मी पेन ड्राइव्ह घेतला आणि त्याच्या हातात दिला.

त्याने तो लावला. आधी लोक नुसते उभे राहिले, कारण गाणं कधी सुरू होणार याची वाट बघत होते. मग हलगीवाल्यांना ठोका सापडला आणि रस्ता भरला. माझी मुलगी बायकांमध्ये उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला.

तेवढ्यात शेजारी उभ्या बाईंनी विचारलं, "काय वेगळंच वाजून राह्यलं. कोणाचं हो हे?" त्या साध्या बाई नव्हत्या. मुलीसाठी राजूरचं एक स्थळ आलं होतं, त्या मुलाच्या या मामी. मुलगी डीजेची गाणी करते, हे त्या घरी पोचायला एक फोन पुरला असता. मी म्हणाले, "काय माहीत बाई, आफ्रिकेतलं आहे म्हणतात."

आवाज मोठा होता म्हणून मीही मोठ्याने बोलले, आणि नेमकी तेव्हाच ठोके थांबायची जागा आली. टेम्पोवरच्या डीजेने ऐकलं. मुलीनेही ऐकलं.

तीन आठवड्यांनी दुकानासमोर एक रिक्षा थांबली. आत माझं शटर वाजत होतं. ठोके तेच, थांबायची जागा तीच, फक्त दर अर्ध्या मिनिटाला एक माणूस ओरडून टेंभुर्णीच्या डीजेचं नाव सांगत होता. आमच्याकडचे डीजे असंच करतात. हातात येईल त्यावर स्वतःचं नाव ओरडून घेतात. मुलीने त्याला फोन केला. तो म्हणाला, "तुझ्या आईनंच सांगितलं ना, आफ्रिकेचं हाय. मंग त्याला कोण मालक?"

ही रविवारची गोष्ट. सोमवारी मिरच्यांवर बसून शेवटी मीच म्हणाले, "अगं, तू दुसरं कर. याच्याहून चांगलं."

"केलं तर तू कोणाचं म्हणून सांगशील?"

"स्थळाचा विचार केला मी. तुझ्यासाठीच ना?"

"मला विचारलं होतं का?" असं म्हणून तिने परात माझ्याकडे सरकवली आणि उठून गेली. उरलेले देठ मी एकटीने काढले. नाक मिरचीने गळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं नाही. आधी त्या मामींना फोन केला. "परण्यात तुम्ही विचारलं होतं ते माझ्या मुलीने केलंय. त्या दिवशी मी खोटं बोलले." त्या म्हणाल्या, "बरं. सांगते घरी." काय सांगणार ते मी विचारलं नाही.

मग एसटीने टेंभुर्णी गाठली. डीजे टेम्पो धूत होता. बाजूला चारपाच जण चहा पीत होते. त्यांच्यादेखत मी सांगितलं, की ते माझ्या मुलीचं आहे, तुझं नाव काढ.

"आत्या, आता सगळ्या तालुक्यात गेलं ते. कुठून कुठून काढू?"

"गेलेलं राहू दे. तुझ्याजवळचं काढ, त्या जागी तिचं घाल. माइक कुठंय?"

तो हसला, पण माइक आणला. त्यात मी मुलीचं नाव बोलले, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. पहिल्यांदा टेम्पोवरच्या पाण्याचा आवाज मधे आला. मी त्याला पाणी बंद करायला लावलं आणि पुन्हा बोलले.