सत्यभामाकाकींची चटणी

चहा नुकताच उतरला होता. काकींचे यजमान मानसिंगराव पेपरात बुडालेले, सून तेजश्री ऑफिसचा डबा भरत होती. तेवढ्यात दार वाजलं. शेजारची रंजिता मिरच्यांची पिशवी घेऊन उभी. मूळची इथल्याच खाडीकाठच्या गावातली.

"काकी, यंदा मसाला करनार ना? आमच्या घरी तुमचाच पायजे. माझ्या कालवनाला नावं ठेवतान सगले."

साताऱ्याच्या सत्यभामाकाकी त्याला चटणी म्हणत. नाव काही का असेना, दर उन्हाळ्यात ऐरोलीतली त्यांची अख्खी सोसायटी ती न्यायची. गेले दोन उन्हाळे खंड पडला. काकींच्या डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग केमोच्या गोळ्या आणि रेडिएशनचे शेक एकदमच. गाठ गेली, पण त्या दुहेरी माऱ्यानं मेंदू दमलाय, असं डॉक्टर म्हणाले. ऐनवेळी शब्द हरवतो. दोन गोष्टी एकदम आल्या की दोन्ही हातून सुटतात.

"आईंना नाही जमणार आता," तेजश्री दारातच म्हणाली. "उगाच टेन्शन नको."

"ते... ते आण इकडं," काकी म्हणाल्या. 'मिरच्या' काही जिभेवर येईना, पण हात पुढं झाला. आज बिघडलं तर शेगडीपाशी आपल्याला पुन्हा कुणी उभं करणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कढईत खोबरं पडलं. तेजश्रीचा पाय निघेना. "आई, गॅस बारीक करू? दमलात का? बसता का जरा?" इकडून रंजितानं नणंदेच्या साखरपुड्याची हकीकत लावली. काकी एकीला हूं, दुसरीला हां करत राहिल्या आणि खोबऱ्याचा कोळसा झाला.

"म्हटलं होतं ना मी," तेजश्री हळूच म्हणाली. तिचेच डोळे भरून आले होते.

"जाऊ द्या काकी. इकत आनीन मी."

काकींनी कढई घासली, पुसली, परत शेगडीवर ठेवली. दुसरी वाटी किसायला घेतली. उलथनं कुठं थांबलं, ते त्यांना चांगलं आठवत होतं: रंजिताच्या हकीकतीतल्या अंगठीपाशी. तोवर खोबरं छान बदामी होतं. हात काही विसरला नव्हता.

"आई, अहो, राहू द्या—"

काकींनी उलथनं वर केलं. मग सावकाश, एकेक शब्द गोळा करत काकी म्हणाल्या,

"खोबरं भाजून होईस्तोवर माझ्याशी कुणी बोलू नका."