मोटारीतली हळद

हळदीचं पाणी उकळायला लागलं की अजूनही मला सासऱ्यांच्या जुन्या मोटारीत बसल्यासारखं होतं.

माहेरी, आडुतुरैला, आई अंथरुणाला खिळली होती आणि मला बोलावत होती. सुनेनं बसनं जायचं नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून सकाळपासून मी दारातल्या मोटारीत बसून होते. मामंजी रेडिएटरमध्ये पाणी ओतत, आणि थोड्याच वेळात इंजिन तापून वाफ येई. शेवटी ते म्हणाले, "हळद आणा. हळदीनं भोक बुजतं."

भोक कुठे आहे ते मला माहीत होतं. रांगोळी काढताना खालच्या रबरी नळीतून पडणारे थेंब मी रोज पाहत असे. मामंजींशी बोलायची सोय नव्हती, म्हणून सासूबाईंना हळूच सांगितलं.

"उगी बैस गे," त्या हसल्या. "रांगोळी काढणारीला मोटार कळू लागली!"

हळदीच्या उकळत्या वासात मी तशीच बसून राहिले. समोरून आडुतुरैच्या दोन बस गेल्या.

तिसऱ्या प्रहरी मेकॅनिकनं येऊन तीच नळी बदलली. मी पोचले तेव्हा आई कोणालाच ओळखत नव्हती. दुपारपर्यंत माझं नाव घेत होती, असं वहिनी म्हणाली.

त्या बस गेल्या तेव्हा मोटारीच्या दाराची कडी माझ्या हाताजवळच होती. ती मी फिरवली नाही.