डावीकडून शिवलेली भुतं

आमच्या काळेवाडीच्या घरात भुतं आली ती दुपारी सव्वाचार वाजता, पुठ्ठ्याच्या खोक्यातून, आणि सगळीच्या सगळी उलटी बांधलेली होती.

चाकणच्या एका कारखान्यात मी गेली सव्वीस वर्षं तपासनीस आहे. समोर येणाऱ्या प्रत्येक वस्तूत काय चुकलंय ते शोधायचं आणि तिला लाल टॅग बांधायचा, एवढंच माझं काम. ते घरी आलं तरी सुटत नाही. (सुनंदा म्हणते, लग्नाच्या पहिल्या महिन्यात तुम्ही माझी पोळी परत पाठवली होती. हे साफ खोटं आहे. मी फक्त कडेची जाडी विचारली होती.)

खोकं आमच्या केतकीचं होतं. केतकी हिंजवडीत नोकरीला आहे. त्या सोमवारी ती सहा दिवसांच्या ट्रेनिंगला बंगळूरला गेली आणि जाताना बजावून गेली, "बाबा, त्या खोक्याला हात लावू नका. आणि रविवारी नीट बोला. कुणाची तपासणी करू नका."

रविवारी निखिल आणि त्याची आई येणार होते. निखिल मारुंजीला राहतो, केतकीच्याच ऑफिसात आहे, आणि दोघांचं आपापसात कधीच ठरलेलं होतं. अडलं होतं ते त्याच्या आईपाशी. वसुधाताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. तीस वर्षं भूमिती शिकवलेल्या. नवऱ्याच्या माघारी मुलगा एकटीनं वाढवलेला. त्या 'हो' म्हणाल्या तर लग्न, नाही तर निखिल आईच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. केतकी गेले दोन महिने जेवणावरून अर्ध्यातून उठत होती, आणि मला ते बघवत नव्हतं.

तर खोकं. हात लावू नका म्हटलेल्या वस्तूला तपासनीस हात लावणार नाही तर काय करणार? आत चौदा पुस्तकं होती. जपानी चित्रकथा, इंग्रजीत आणलेली. मुखपृष्ठांवर दात विचकणारी भुतं आणि त्यांच्यासमोर दप्तर लावलेली एक शाळकरी मुलगी. त्याच दिवशी सव्वाचारच्या चहाचा कप हातात घेऊन मी पहिलं पुस्तक उघडलं, जसं आपण कुठलंही पुस्तक उघडतो तसं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूने सुरुवात केली आहे, हे पुस्तक उजवीकडून डावीकडे जातं.

मला धक्काच बसला. आमच्याकडे माल चुकला आणि गिऱ्हाइकाला तातडी असली, तर चूक कबूल करणारी चिठ्ठी लावून तसाच माल पाठवायची पद्धत आहे. पण त्यासाठी चार जणांच्या सह्या लागतात. इथे पाठ चुकीच्या बाजूला शिवली, पान नंबर एक शेवटी गेलं, आणि वर छापून मोकळे झाले की आता तुम्हीच उजवीकडून वाचा! खाली चौकोनांत आकडे घालून कसली तरी आकृतीही होती. ती मी बघितली नाही. दोष सापडल्यावर आकृती कशाला बघायची?

दुसरं पुस्तक उघडलं. तेच. तिसरं, तेच. चौदाच्या चौदा.

"सुनंदा, पोरीला फसवलंय गं," मी म्हणालो. "पूर्ण लॉट रिजेक्ट आहे."

"अहो, तिला फोन करून विचारा तरी."

"विचारून काय करू? ती परत पाठवत बसेल, ते महिने लावतील. मी रीवर्क करून, सरळ बांधून आणतो. ती येईल तेव्हा बघेल."

"अति शहाणा, त्याचा बैल रिकामा," सुनंदा म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

मंगळवारी पहिली शिफ्ट करून मी थेट भोसरीला थोरातमामांकडे गेलो. मामा आमच्या कारखान्याची रजिस्टरं बांधतात. हाडाचा कारागीर. त्यांनी चार पुस्तकं उलटीसुलटी करून पाहिली.

"सायेब, ही समदी एकसारखीच हायेत. चूक आसंल तर येखाद्यात आसंल."

"मामा, एका पाळीत एका माणसानं मशीन चुकीचं लावलं की हजार नग चुकतात."

"आसं व्हय," मामा म्हणाले. सव्वीस वर्षांच्या अनुभवापुढे ते तरी काय बोलणार. काम सोपं होतं. उजवीकडची पाठ कापून काढायची आणि डावीकडून शिवायचं. पानांचा क्रम आपोआप सुलटा. "कापताना उजवीकडचं थोडं जाईल बघा. आन् ही रंगीत कव्हरं?"

"टाकून द्या. व्याही येणार आहेत घरी. भुतं बाहेर दिसायला नकोत."

गुरुवारी काम तयार होतं. जोडीजोडीनं बांधलेले सात खंड, मरून रेक्झिन, वर सोनेरी आकडे. शोकेसमध्ये लावले तर अगदी ज्ञानकोश वाटावा. सुनंदासुद्धा म्हणाली, "दिसतात मात्र छान." मी एक खंड काढून, केवळ शिवण तपासायची म्हणून, वाचायला घेतला.

आणि संपलो.

त्या कथेतली भुतं मेलेल्या माणसांची नसतात. अर्धवट सोडलेल्या कामांची असतात. कुणी विहीर तीस फुटांवर खणायची सोडली की त्या खड्ड्यातून भूत उठतं. कुणी पत्र लिहून पेटीत टाकलंच नाही, तर त्याचं. आणि ही भुतं तलवारीनं मरत नाहीत. दप्तरवाली मिओ त्यांच्याशी लढता लढता ते काम पूर्ण करते. एका बाजूला भूत घरं उपटतंय आणि ही खाली कुदळ मारतेय! सव्वीस वर्षं मी 'पेंडिंग' लिहिलेल्या ट्रेकडे रोज बघतो. त्यातून रात्री काय काय उठत असेल, हा विचार मला कधी शिवला नव्हता.

पण मला वेड लावलं ते मिओच्या शक्तीनं. तिला पुढचं आधीच दिसतं. कुणी प्रश्न विचारायच्या आधीच ती उत्तर देते. आधी कोसळते, मग भूत भाला फेकतं. एक म्हातारी आधी "चहा छान होता" म्हणते आणि मग मिओ तिच्यासमोर कप ठेवते. म्हातारीलाही ती शक्ती दिली होती तिनं! असं पानोपानी. सुरुवातीला गोंधळायला झालं, पण मग लक्षात आलं की हेच तर त्या लेखकाचं मोठेपण. नशीब आधीच लिहिलेलं आहे आणि तरी मुलगी लढते. शुक्रवारी मी आयुष्यात पहिल्यांदा पोट दुखतंय असं खोटं सांगून रजा घेतली. शनिवारी संध्याकाळी सातवा खंड मिटला तेव्हा मी रडत होतो. सुनंदानं देवापुढे दिवा लावला आणि शेजारच्या काकूंना सांगितलं की यांना जरा बरं नाही.

रविवारी सकाळी नऊला केतकी विमानतळावरून घरी आली. बॅग ठेवली, पाणी प्यायली, आणि तिची नजर शोकेसकडे गेली.

"बाबा, खोकं कुठंय?"

मी हात पुढे केला, पडदा वर जावा तसा. तिनं एक खंड काढला. उघडला. पानाची उजवी कड बघितली. पहिलं पान बघितलं. मला वाटलं गहिवरली. ती हळूच खाली बसली, जमिनीवरच.

"आधी कव्हरं कुठंयत ते सांगा."

"भोसरीला. म्हणजे होती."

"बाबा, ही माझी नाहीत. निखिलच्या आईची आहेत."

मी हसलो. खरंच हसलो, कारण ते शक्यच नव्हतं. तीस वर्षं भूमिती शिकवलेली बाई, तिच्या घरी भुतं?

"निखिल आठवीत असताना त्याचे बाबा गेले," केतकी म्हणाली. "हा बोलायचाच बंद झाला होता. त्यानं कुठून तरी पहिला भाग आणला. मग त्या रोज संध्याकाळी त्याच्यासोबत वाचायला लागल्या. एकेक भाग करत सगळे जमवले. कधी कुणाला दिले नाहीत. मला दिले. म्हणाल्या, वाच आणि मग भेटू." मग तिनं ती आकृती कशासाठी असते ते मला सांगितलं. जपानी लोक उजवीकडून वाचतात. पुस्तकं बरोबर होती. पहिल्या पानावरची सूचना ही चुकीची कबुली नव्हती, सूचना होती.

घड्याळात साडेनऊ झाले होते. पाहुणे अकराला यायचे होते. सुनंदा एवढंच म्हणाली, "पोहे करू का नको?" आणि मला पहिल्यांदा कळलं की आपण पोरीच्या लग्नालाच लाल टॅग बांधून ठेवलाय.

वसुधाताई अकराला पाच कमी असताना आल्या. पांढरी साडी, बारीक काठ, हातात पेढ्यांचा पुडा. मागे निखिल. बसल्या, पाणी घेतलं, आणि म्हणाल्या, "केतकी, सगळी वाचून झाली?"

केतकीनं शोकेसकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला ते सहन होईना. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "तिनं वाचली असतील. मीही वाचली. चौदाही भाग." आणि मग मला काय झालं ते देव जाणे. गुन्हा कबूल करायच्या ऐवजी मी त्या पुस्तकांची स्तुतीच करायला लागलो. ही मालिका प्रत्येकानं का वाचली पाहिजे, यावर मी अर्धा तास बोललो. कामांची भुतं, विहीर, पत्र. शेवटी मिओची भविष्य बघायची शक्ती. उत्तर आधी आणि प्रश्न मागून, हे केवढं खोल आहे! निखिल माझ्याकडे बघत होता. पोहे थंड झाले.

वसुधाताई म्हणाल्या, "कसली शक्ती?"

मी सातही खंड त्यांच्यापुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. तपासणी, भोसरी, कव्हरं, सगळं. त्यांनी एक खंड उचलला. रेक्झिनवरून बोट फिरवलं. चेहऱ्यावर काही दिसेना. मग अर्धवट विणलेल्या स्वेटरच्या भुताचं पान काढून माझ्यापुढे धरलं.

"वाचा. मोठ्यानं. उजवीकडून, वरून."

सत्तेचाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात उभं केल्यासारखा मी वाचायला लागलो. भूत विचारतं, "हा स्वेटर कोणासाठी विणत..." पुढचा शब्द भोसरीच्या पात्याखाली गेला होता.

"आहेस," वसुधाताई म्हणाल्या. पुस्तकाकडे न बघता.

"मला माहीत नाही," मिओ म्हणते. "मग कशाला विणतेस?" भूत विचारतं. पुढच्या चौकोनातला पहिला शब्द शिवणीत गेलेला.

"टाके," वसुधाताई म्हणाल्या.

"टाके दिसतात तेवढे विणते. पुढचं पुढे."

मी थांबलो. पानावरचे चौकोनसुद्धा उजवीकडून लागायचे होते; मी ते डावीकडून वाचले म्हणून उत्तरं आधी आली होती. त्या मुलीला पुढचं काहीही दिसत नव्हतं. कुणासाठी, कशासाठी, उद्या काय, काही ठाऊक नसताना ती सुया चालवत होती. समोरच्या खुर्चीत बसलेल्या बाईनं हे पान आठवीतल्या मुलाला वाचून दाखवलं असेल, नवरा नुकताच गेला असताना. मला अतिशय लाज वाटली, आणि ती सांगितल्याशिवाय राहवेना. "वसुधाताई, माझं चुकलं," मी म्हणालो. "पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. शिक्षा मला करा."

मग निखिल म्हणाला, "आई, तुला अजून पाठ आहे सगळं?"

"तू विसरलास का?"

"नाही."

त्यांनी डोळे पुसले. मग केतकीला जवळ बोलावून पेढा भरवला आणि सुनंदाला म्हणाल्या, "मुलगी आम्हाला तेव्हाच पसंत होती. हिनं फोनवर कितवा भाग आवडला ते सांगितलं त्या दिवशीच. आज फक्त तुम्हाला बघायचं होतं." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे खंड तुम्ही ठेवा. मी नवीन मागवते. ते आमच्या घरात राहतील आणि तुम्ही ते आमच्या घरात येऊन वाचाल. माझ्यासमोर."

सुनंदाला हुंदका आवरेना. केतकी हसत होती, दोन महिन्यांनी पहिल्यांदा.

आता दर रविवारी मी मारुंजीला जातो आणि वसुधाताईंसमोर बसून उजवीकडून वाचतो. ही मालिका जरूर वाचा, असं मी आजही भेटेल त्याला सांगतो. शिफ्टमधल्या चौघांना तर वेडच लागलंय. फक्त मिओच्या त्या शक्तीबद्दल विचारलं की मी विषय बदलतो, कारण साऱ्या जपानात ती कुणालाच सुचलेली नव्हती, ती मी भोसरीत रीवर्क करून बसवून घेतली होती.