टिटवी सामोरी यायची

आई गेल्यावर बाबांनी कुणालाही न विचारता जांभळाचं एक रोप आणलं आणि हडपसरच्या पलीकडे, शेवटच्या इमारती संपून राखीव माळरान सुरू होतं तिथे नेऊन लावलं. फाटकापाशी पाटी आहे : हे गवताळ रान आहे, येथे झाडे लावू नयेत. नोकरीभर कचेरीत लोकांना नियम दाखवून परत पाठवत आलेला हा माणूस पाटी वाचून म्हणाला, "झाडं लावू नका म्हणणारी पाटी पुण्यातच सापडायची." आणि आत गेला.

त्यानंतर रोज सकाळी पाण्याचा कॅन घेऊन बाबा माळावर. मी अडवलं नाही. आमच्या घरात आवाज होता तो आईचा. ओला टॉवेल पलंगावर का, गोळी घेतली का, हा कितवा चहा, असं ती दिवसभर बाबांवर ओरडायची. ती गेली आणि घर गप्प झालं. बाबा टीव्ही लावून ठेवायचे आणि बघायचे मात्र खिडकीबाहेर. शांतता त्यांना सोसत नव्हती.

असेच एकदा ते माळावरून खुशीत परतले. "हल्ली एक टिटवी भेटते," म्हणाले. "मी दिसलो रे दिसलो की उडत सामोरी येते. डोक्यावर घिरट्या घालते, नुसती ओरडत सुटते."

शेजारच्या काकू चहाला आल्या होत्या. त्या चाचरत म्हणाल्या, "टिटवी ओरडणं चांगलं नसतं हो."

"आमच्याकडे जन्मभर ओरडणं चाललं. काही वाईट झालं नाही."

मग रोज तिची बातमी यायला लागली. आज ती जरा जास्तच चिडली होती, मला उशीर झाला ना. आज जाम सोडेना, बसलो मग तिच्याशी बोलत. मला हसू यायचं आणि पाठोपाठ भरून यायचं. ते जेवायला लागले होते, दाढी वेळेवर करत होते. एका पाखराने एवढं केलं तर मी त्याचे पाय धरायला तयार होते.

ऐन उन्हाळ्यात त्यांचा गुडघा दुखायला लागला, म्हणून एका रविवारी कॅन उचलायला मी सोबत गेले. गवत वाळून पिवळं झालं होतं आणि इतक्या सकाळीसुद्धा ऊन चावत होतं. जांभूळ लांबून दिसलं, तशी टिटवी उठलीच. बाबांचा चेहरा उजळला. "बघ, आली!"

ती आली ती थेट आमच्या डोक्यावर. इतकी खाली की मी वाकले. ओरडत वर जायची, वळून पुन्हा अंगावर यायची. मी खाली बघत चालत होते, म्हणून मला दिसलं. जांभळाच्या थोडं अलीकडे, उघड्या खड्यांमध्ये, खड्यांच्याच रंगाची अंडी होती. वर ना पान, ना सावली. माझा पाय तिथेच थांबला.

बाबांना सांगावं असं मला अजिबात वाटेना. हे स्वागत नाही, ती रोज जीव तोडून तुम्हाला जा म्हणतेय, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? पण त्यांनी माझ्या नजरेचा माग काढला. चष्मा वर केला, वाकून पाहिलं. मग उन्हाकडे पाहिलं.

"मी इथे तासतासभर बसायचो गं," ते म्हणाले. "आणि ही अंडी उन्हात उघडी."

त्यांनी माझ्या हातातला कॅन घेतला. जांभूळ पाच पावलांवर होतं, पानं मलूल झाली होती. त्याच्याकडे बघत ते क्षणभर उभे राहिले आणि मागे वळले. "चल. लवकर चल."

फाटकापाशी कडुलिंबाखाली दगड आहे, तिथे आम्ही टेकलो. कॅन तसाच भरलेला होता.

"जांभूळ जाईल, बाबा," मी म्हटलं.

"जाईल." थोडा वेळ ते कॅनच्या झाकणाशी चाळा करत राहिले. "तुझी आई असती तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती, पाटी वाचता येत नाही का?"

मला रडू आलं. त्यांनाही आलं, पण त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

जांभूळ वाळलं. बाबा मात्र जायचे थांबले नाहीत. रिकाम्या हाताने जातात आणि फाटकापाशी त्या दगडावर बसतात. परवा मीही जाऊन बसले. माळावर कसलाच आवाज नव्हता.

"इथून तिचा आवाजसुद्धा येत नाही," मी म्हटलं. "मग करता काय इथे बसून?"

"ओरडत नाहीये," बाबा म्हणाले. "म्हणजे बसली असेल अंड्यांवर."

आणि ते त्या शांततेत स्वस्थ बसून राहिले.