धक्क्यावरची इन्क्विसिदोरा

आमच्या मागदालेना नदीकाठी 'इन्क्विसिदोर' म्हणजे समोरच्याला घाम फुटेस्तोवर खोदून खोदून विचारणारा माणूस. मूळचे इन्क्विसिदोर चर्चचे. माणसांना कोंडून त्यांच्या श्रद्धेची झडती घ्यायचे. आता हा शब्द आम्ही पोलिसांना, सासवांना वापरतो. बाई असली तर इन्क्विसिदोरा. प्रेमाने कुणी म्हणत नाही.

गावात ही पदवी एनेइदा मावशीची. मासे खारवून विकणारी विधवा. तिचा नवरा खच्चून भरलेल्या बोटीतून बुडाला, तेव्हापासून ती प्रत्येक बोटवाल्याच्या मागे हात धुऊन लागलेली. मी बोटवालाच, मला ती डोळ्यांसमोर नको असायची.

नऊ वर्षांपूर्वी सोळा जुलैला, कार्मेन मातेच्या सणाला, तिची मूर्ती नदीतून मिरवायचा मान माझ्या बोटीला होता. मातेच्या बोटीत कुणाला नाही म्हणायचं नाही, ही आमची रीत. बोट तिसांची, चढले साठ.

मावशी धक्क्यावरून बोटीत चढायच्या फळीवर वाट अडवून उभी राहिली. "विल्फ्रिदो, माणसं किती?"

"असतील चाळीसेक."

"असतील नको. मोज."

"आज तरी तोंड आवर, मावशी. माता सांभाळेल."

"ती किती जणांना धरेल? तिच्या एका हातात तिचंच पोर आहे."

पाद्री आन्सेल्मो चिडले. "बाई, हा इन्क्विसिदोरपणा पुरे."

"धंदा तुमच्याच घरचा, पाद्री. मी नुसती चालवतेय."

लोक हसले, पण उतरलं कुणी नाही. मग ती बोटीत बसलेल्या देयानिराकडे वळली. तिच्याजवळ तीन लेकरं.

"हात किती तुला?"

"दोन."

"बोट उलटली तर कुणाला सोडशील? नाव सांग."

असं कुणी विचारतं? मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. देयानिरा रडत लेकरांसह उतरली. मावशी एकेका आईला तेच विचारत गेली. शेवटी एकोणतीस उरले.

पुढच्या वळणावर भोवऱ्याने बोट कलली. सगळे मूर्तीकडे बघत गात होते. पाण्याकडे बघत होतो मी एकटा.

संध्याकाळी मावशीने विचारलं, "काठ पाण्यापासून किती उरला होता?"

"मूठभर. एकोणतीसच होते तरी."

"लोकांना सांगशील?"

मी बोटीची दोरी आवळत राहिलो. बोट बुडाली नाही, म्हणून गाव आजही म्हणतं, सटवीने सणाचा विचका केला. ती शिव्या खात राहिली आणि मी गप्प बसलो. आता पुरे. येत्या सोळा जुलैला मूर्ती उचलायच्या आधी, पाद्रींसमोर, देयानिरासमोर, मी सांगणार आहे.